टोक नसलेली पराणी

अत्तार बाई माणसाला हाक मारत नसत. छत्रीचं टोक टोचत. एसटीच्या दारात कोणी अडून उभं राहिलं की त्याच्या पाठीत टोक. दुकानदार मोबाईलमध्ये गुंतला असला की काउंटरवरच्या त्याच्या हाताला टोक. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा कामाला गेले तेव्हा बंद दारासमोर उभी होते. कडी वाजवायचा धीर होत नव्हता. किती वेळ उभी होते कोण जाणे. मागून खांद्याला काहीतरी टोचलं. बाई बाहेरून येत होत्या.

"दार माणसाला खात नाही. वाजवून बघ," त्या म्हणाल्या.

दाराला कुलूप होतं, भीतीपोटी ते मला दिसलंच नव्हतं. किल्ली त्यांच्या पिशवीत. तरी त्यांनी मला कडी वाजवायला लावली. मी वाजवली. माझ्या शेजारीच उभं राहून, जणू आतून बोलताहेत अशा आवाजात त्यांनी विचारलं, "कोण आहे?"

"मी."

"मी तर मीसुद्धा आहे. तू कोण?"

"सुमन."

"हं. आता किल्ली काढते."

त्या हसल्या नाहीत. मलाही हसावं का ते कळलं नाही. त्या दिवशी भाकऱ्या थापताना मात्र मी एकटीच हसत होते.

बाई मूळच्या भोरच्या. तिथल्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावानं पानशेतच्या पाण्याच्या वरच्या अंगाला सुट्टीसाठी घर बांधलं, एकदोनदा येऊन राहिला, मग परदेशी गेला तो तिकडचाच झाला. घर ओस पडू नये म्हणून निवृत्त झाल्यावर बाई तिथं येऊन राहिल्या. आमची वाडी त्या घरापासून चढ चढून गेलं की लागते. मी सकाळी स्वयंपाक आणि झाडलोट करून यायचे, संध्याकाळी आणखी एक फेरी. रोज्यांच्या महिन्यात तेवढी वेळ बदलायची. ईदला त्या शीरखुर्म्याचा डबा भरून द्यायच्या आणि म्हणायच्या, "डबा रिकामा आणू नकोस, पण भरलेलाही आणू नकोस. तू स्वतः ये, म्हणजे झालं."

रविवारी खाली रस्त्यावर पुण्याच्या गाड्यांची रांग लागायची. पाण्याच्या काठावर गाणी वाजायची, कणसं भाजल्याचा वास वर यायचा. बाईंच्या घरात मात्र घड्याळाचा आवाज ऐकू येत असे. त्यांचे विद्यार्थी मोठमोठ्या जागांवर होते. कोण कुठं आहे ते त्यांना सगळं पाठ होतं. पण फोन क्वचित वाजायचा. एकदा मी विचारलं, "बाई, तुमची पोरं येत न्हाईत का भेटायला?" त्या म्हणाल्या, "मी टोचून टोचून पुढं घातली ना त्यांना. इतकी पुढं गेली की मागं वळून बघायचं राहिलं." आणि लगेच छत्रीनं माझ्या पायाजवळची केरसुणी ढकलली. "तू काय बघतेस? झाड."

भोरला पोरं त्यांना टोचणीबाई म्हणायची. ते त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडं होती, म्हणून राहिलं. वाचता येतं, लिहिता येतं, पण बोलता येत नाही असंच म्हणावं लागेल. चार माणसं समोर आली की माझा घसा आवळतो. लग्नानंतर ते निभावलं, कारण आमचे मालक बोलके होते. माझ्या वाटचंही तेच बोलायचे. दळण टाकायला गेले तरी मागून येऊन गिरणीवाल्याला काय ते सांगायचे. ते गेले आणि घरातला आवाजच गेला. मूलबाळ नाही. दीर नसरापूरला असतात, त्यांचं टेम्पोचं काम आहे. त्यांनी येऊन बैल विकले. "वहिनी, आता औत कोण धरणार?" असं म्हणाले. मी काही बोलले नाही, ते त्यांनी 'हो' धरलं.

त्यानंतर शेत पडीक राहिलं. शेत पिकतं तोवर त्याच्याकडं कोणी बघत नाही. गवत वाढलं की माणसं बांधावर येऊन उभी राहतात. गाडी थांबवून फोटो काढायचे, पाणी कुठपर्यंत दिसतं ते बघायचे. दिरांचा फोन आला, की रविवारी एक गिऱ्हाईक घेऊन येतो, पडीक ठेवण्यापेक्षा देऊन टाकू. मी नुसतं "हं" म्हटलं. फोन ठेवल्यावर परसात जाऊन बसले. तिथं मी त्या वर्षी भाताचं रोप टाकलं होतं. मालकांनी राखलेलं बियाणं मडक्यात होतं, ते टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून वाफ्यात फेकलं. जुनं बी, उगवायचं नाही असं वाटलं होतं. पण दाट उगवलं. आता ते लावणीला आलं होतं, आणि लावायचं तर आधी खाचरात औत घालून चिखल करायला हवा. औत नाही. वाडीत चार घरी औत होतं, पण मागायचं तर बोलायला हवं. रोप रोज थोडं थोडं जून होत होतं आणि मी रोज त्याला बघत होते.

बाईंना हे सगळं माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं. पण त्या विचारायच्या आणि मी गप्प राहायचे, त्यातून त्यांना कळायचं.

बाईंचा दुपारचा वेळ शब्दकोशात जायचा. जाडजूड इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन त्या एकेक शब्द वाचत, कोणी पोथी वाचावी तसं. शब्द कुठून आला त्याला त्या शब्दाचं माहेर म्हणत. "सुमन, आज ह्याचं माहेर सापडलं, पार समुद्रापलीकडचं निघालं," असं म्हणायच्या. मला त्यातलं फारसं कळत नसे, पण माहेर सापडल्याचा आनंद कळायचा.

अशाच एका दुपारी त्यांनी विचारलं, "सुमन, बैल कशानं हाकतात?"

"तोंडानं," मी म्हटलं.

"तोंडानं नाही हलला तर?"

"पराणीनं."

"पराणीला टोक असतं?"

"आर असती. लोखंडी. काठीच्या टोकाला बसवत्यात."

बाईंनी पुस्तकावर थाप मारली. "हेच! बघ, इंग्रजीत एक क्रियापद आहे, जी-ओ-ए-डी, गोड. पोरं वर्गात फिदीफिदी हसायची. मी म्हणायचे, हसा, पण आपल्या साखरेशी ह्याचं काही नातं नाही. त्यांच्या अगदी जुन्या भाषेत भाल्याच्या टोकाला, टोकदार काठीला हा शब्द होता. तीच काठी घेऊन त्यांचे शेतकरी बैल हाकायचे. म्हणजे आधी काठी होती. हाकणं त्या काठीतून निघालं. आणि बैलावरून ते माणसावर यायला कितीतरी पिढ्या गेल्या."

"माणसाला पराणी लावत्यात?"

"लावतात की. मी दुसरं काय केलं जन्मभर?" मग त्या म्हणाल्या, "ह्याचे अर्थ दोन. मागं लागून लागून माणसाला कामाला लावणं, हा एक. आणि दुसरा, डिवचून डिवचून त्याला इतकं चिडवणं की त्यानं नको ते करावं. काठी तीच, हात तोच. आपण ह्यातलं कुठलं करतोय ते टोचणाऱ्याला कळत नाही. ते बैलाला विचारावं."

त्यांनी मला पराणी बघायला आणायला सांगितली. आमची पराणी आढ्याला खोचलेली होती. मालक गेल्यापासून मी ती काढली नव्हती. काढली, धूळ पुसली, संध्याकाळी घेऊन गेले. बाईंनी ती दोन्ही हातांनी धरली आणि टोकावरून बोट फिरवलं. टोक नव्हतंच.

"आर कुठंय?"

"मालकांनी काढून टाकली व्हती. म्हणायचे, एकदा टोचलेल्या बैलाला नुसती काठी टेकवली तरी पुरं. त्याला म्हाईत असतं, हितं टोक हाय."

बाईंनी त्या बोथट टोकावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग खालच्या पितळी कड्याला हात लावून म्हणाल्या, "आणि हे?"

"वळखायला. परत्येक घरच्या पराणीला काहीतरी खूण असती. इर्जिकीला लागती."

त्यांना इर्जिक माहीत नव्हती. मी त्या दिवशी खूप बोलले, बाईंसमोर बोलता यायचं. एखाद्याच्या शेताचं काम अडलं की सगळ्या वाडीची औतं एका दिवशी त्याच्या शेतात येतात, त्याला इर्जिक म्हणतात. मजुरी नाही, घरच्यानं फक्त जेवायला घालायचं. आणि बोलावण्याची आमच्या वाडीची रीत अशी, की आपल्या घरची पराणी घेऊन दारोदार जायचं, ती उंबऱ्याला टेकवायची आणि वार सांगायचा. घरच्यानं पराणीला हात लावला की त्याचं औत आलं म्हणून समजायचं.

"म्हणजे फारसं बोलावंही लागत नाही," बाई म्हणाल्या. "मग तू कधी निघतेस?"

मी खाली बघितलं.

"नाही निघत? मग ही पराणी तुला कशाला हवी? तुझं औत कुठंय? शेत तर रविवारी जाणारच आहे. राहू दे माझ्याकडे. मला काठी होईल."

मला ते लागलं. खूप लागलं. पराणी त्यांच्या भिंतीला टेकलेली तशीच ठेवून मी निघून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले ते बोलायचंच नाही असं ठरवून. दारामागं छत्री अडकवलेली होती, आणि तिच्या टोकाला बाटलीचं लाकडी बूच घट्ट बसवलेलं होतं. मी ते बघितलं. मी बघितलं हे बाईंनी बघितलं.

भाकऱ्या होत आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "मी जरा वाडीत जाऊन येते. किती दिवसांत कोणाकडे गेले नाही. चढ आहे, पराणी घेते हातात." आणि गेल्या. परत आल्या तेव्हा दम लागला होता, लुगड्याच्या काठाला चिखल, पण मुद्रा अशी, की जणू परीक्षेचे पेपर तपासून संपवलेत. मंगळवार होता तो.

बुधवारी सकाळी मी चूल पेटवत होते, तर घुंगरांचा आवाज आला. मग आणखी एका जोडीचा. मग टिलरची फटफट. बाहेर येऊन बघते तर अंगणासमोर चार औतं आणि खालच्या आळीतल्या पोराचा टिलर. पुढं धोंडीतात्या, वाडीतले सगळ्यांत वयस्कर, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेला.

"सूनबाई, कुठलं खाचर आधी धरायचं?"

"तात्या, हे काय?"

"हे काय म्हंजी? तुझी इर्जिक न्हवं का? मास्तरीणबाई पराणी टेकवून गेल्या की काल. कडं बघितलं म्या, तुझ्याच घरची."

"पर म्या न्हाई सांगितलं त्यास्नी."

मागून कोणीतरी म्हणालं, "आगं बया, मास्तरीणीला रीत म्हाईत न्हाई! काठी म्हणून घेऊन हिंडली आसंल ती, आन आपण आलो बैलं जुपून!" सगळे हसले. तात्या हसले नाहीत. म्हणाले, "मंग? जायचं का माघारी?"

बैल उभे होते. पाऊस बारीक लागला होता. सगळे माझ्याकडं बघत होते. मला परसातलं रोप दिसलं, मागं वळून न बघतासुद्धा. माघारी गेले असते तर त्यांना कोणी नावं ठेवली नसती, आणि रविवारी सगळं संपलं असतं.

"खालचं," मी म्हटलं. आवाज बसलेला आला म्हणून पुन्हा म्हटलं, "खालचं खाचर आधी धरा, तात्या. वरच्याला पाणी उतरू द्या."

"हां! हे कसं!" तात्या म्हणाले आणि औत वळवलं.

आणि मग मला आठवलं की घरात इतक्या माणसांना घालायला काही नाही. मी तशीच पळत उतार उतरून बाईंकडे गेले. रागही होता आणि रडूही येत होतं. बाई ओट्यापाशी उभ्या होत्या.

"बाई, तुमी काय केलंत? औतं आली माझ्या दारात!"

"अगं बाई! का बरं?"

"पराणी टेकवलीत ना उंबऱ्याला!"

"मग काय चहा पिताना हातात धरून बसू?"

"आणि वार सांगितलात!"

"वार कुठं सांगितला? उद्या बुधवार ना, एवढं विचारलं. मला एसटीची वेळ बघायची होती."

तेवढ्यात माझी नजर ओट्यावर गेली. मोठ्या पातेल्यात हरभऱ्याची डाळ भिजून टम्म फुगलेली होती. पातेलंभर. शेजारी गुळाची ढेप, किसणी. एकट्या बाईंच्या घरी. मी डाळीकडं बघितलं, मग बाईंकडं.

"पावसाळ्यात भूक लागते," त्या म्हणाल्या. "उभी काय राहिलीस? उचल त्या बाजूनं. मला एकटीला पेलणार नाही."

त्या दिवशी वाडीतल्या बायका न बोलावता आल्या. कोणी परात आणली, कोणी पोळपाट. बाईंना पोळी लाटता येत नव्हती, त्या पाट्यावर पुरण वाटत बसल्या आणि ज्या बाईचा हात थांबेल तिला कोपरानं ढोसत राहिल्या. दुपारी औतं सुटली, पंगत बसली. तात्या म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमास्नी आमची रीत कळली न्हाई, पर झालं ते ब्येस झालं." बाई म्हणाल्या, "मला शिकवायला कोणी नव्हतं ना, तात्या." आणि माझ्याकडं बघितलंच नाही. संध्याकाळपर्यंत चिखल झाला, दुसऱ्या दिवशी रोप लागलं. खालची दोन खाचरं भरली, वरचं अर्धं राहिलं.

रविवारी दीर गिऱ्हाईक घेऊन आले. चकचकीत बुटातला माणूस बांधावर उभा राहून चिखलातल्या हिरव्या काड्यांकडं बघत होता. दीर म्हणाले, "वहिनी, हे काय? आपलं ठरलं होतं ना?"

मी नेहमीसारखी गप्प. बाई माझ्या मागं उभ्या होत्या. बुचाचं टोक हळूच पाठीला लागलं. टोचलं नाही. ते तिथं आहे, एवढंच कळलं.

"भावजी, शेत लावलंय," मी म्हटलं. "इकायचं न्हाई."

दीर बघतच राहिले. "वहिनी, तुम्हाला बोलता येतं व्हय?"

"येतं," मागून बाई म्हणाल्या. "थंडीत डिझेलची गाडी जरा उशिरा सुरू होते, एवढंच."

दिवाळीच्या पुढं भात झोडपलं. पहिला तांदूळ मी बाईंना नेऊन दिला. त्यांनी मूठभर हातात घेऊन वास घेतला आणि खोकल्याच्या उबळीनं त्यांना खालीच बसावं लागलं. त्या थंडीत त्यांचा दमा वाढला. रात्री एकटीनं राहणं बरं नाही म्हणून थोरल्या भावाचा मुलगा, त्यांचा पुतण्या, पुण्याहून गाडी घेऊन आला. बाईंनी सामान फारसं घेतलंच नाही. शब्दकोश घेतला. पराणी माझ्या हातात दिली.

गाडीत बसल्यावर काच खाली करून त्या म्हणाल्या, "सुमन, एक विचारू? बैलाला विचारावं असं मीच म्हणते, म्हणून विचारते. त्या दिवशी मी तुला बोलले, तुझं औत कुठंय म्हणून. ते कुठल्या अर्थाचं होतं गं?"

चार माणसं उभी होती. पुतण्या, त्याची बायको, ड्रायव्हर, शेजारचा राखणदार. बाईंनी थोडी वाट बघितली. मग खिडकीतून छत्री काढून बुचाचं टोक माझ्या खांद्याला लावलं, आणि गाडी निघाली.

त्या परत आल्या नाहीत. पुतण्याचा फोन आला तेव्हा भोरला माती देऊनही झाली होती. मी फोन कानाला लावून "हं" म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी सवयीनं उतार उतरून त्यांच्या घराशी गेले. कुलूप. पायरीवर पालापाचोळा पडला होता. केरसुणी नव्हती, हातानंच गोळा केला.

यंदा बी पुन्हा वाफ्यात टाकलं. रोप लावणीला आलं. पराणी आढ्यावरून काढून मी दोन दिवस दारात ठेवली होती. येता जाता तिच्याकडं बघायची. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, उचलली आणि निघाले. पहिलं घर तात्यांचं. उंबऱ्याला पराणी टेकवली. तात्या आतून म्हणाले, "कोण हाय?"

"मी," म्हटलं, आणि लगेच म्हटलं, "सुमन. माझी इर्जिक हाय तात्या, उद्या."

तात्या बाहेर आले, पराणीला हात लावला. म्हणाले, "वरचं खाचरबी घेऊ या वर्षी. गेल्या साली अर्धं राहिलं हुतं."

चारी घरं झाली. टिलरवाल्याचंही झालं. डाळ भिजवायला घरी परतायचं होतं, पण पाय उतारानं खाली गेले. बाईंच्या दारापाशी आले. पराणी उंबऱ्याला टेकवली. कुलूप बाजूला सारून कडी वाजवली आणि थांबले. आतून कोणी काही विचारलं नाही.

"सुमन," मी म्हटलं. "बाई, उद्या बुधवार आहे."